सूपभर तांदूळ

पुण्याहून शनिवार-रविवार आमच्याकडे राहायला येणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या असतात, चुलीवरची भाकरी आणि मोबाईलला रेंज. पहिली माझी थोरली जाऊ देते. दुसरी आमच्या रिहे खोऱ्यात देवालाही देता येत नाही, आणि तसं मी तोंडावर सांगते, म्हणून घरातले मला पाहुण्यांपासून लांब ठेवतात. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. पोरांवर ओरडून ओरडून आवाज चढला तो चढलाच, निवृत्त झाले तरी खाली यायला तयार नाही.

घरामागच्या खोल्या भाड्याने द्यायची कल्पना आमच्या पोराची. भात लावून काय मिळतं, म्हणायचा, आणि जमीन विकून गाडी घेणाऱ्यांच्यात आपल्याला जायचं नाही. हिंजवडीला कंपनीत होता, पण सुट्टीच्या दिवशी स्वतः पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकायचा. आमच्या पोराची म्हणजे जाऊबाईंच्या पोराची. हे मी जन्मभर असंच सांगत आले. इथे खरं लिहिते, तो मला झालेला मुलगा होता.

माझे थोरले दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, आणि जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, यांना मूल नव्हतं. नवस झाले, पुण्याचे डॉक्टर झाले, कुणीतरी सांगितलेली कडू औषधं झाली. मला पहिली मुलगी होती. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा एकदा जेवताना भात वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "ह्ये थोरलीच्या ओटीत घालायचं." विचारलं नाही, सांगितलं. मला भांडता येतं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, आणि मी तोंड उघडलंही होतं. पण समोर आक्का बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, त्यांचा हात ताटातल्या भातात तसाच थांबला होता. तो हात बघितला आणि मी हो म्हणाले.

बाराव्या दिवशी बाळाला सुपात निजवलं. सूप मी आक्कांपुढे धरलं. त्यांनी पोर उचललं आणि रिकाम्या सुपात नवे तांदूळ ओतले, आंबेमोहोर, काठोकाठ. ते मी पदरात घेतले. आमच्या घरात पोर असंच देतात. तांदूळ घेतले की व्यवहार संपला, मग देणारीने पोराला आपलं म्हणायचं नाही, मनातसुद्धा. त्या तांदळाचा भात त्याच दिवशी शिजला आणि सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला. बाळंतिणीची भूक होती, खोटं कशाला सांगू.

दूध माझंच होतं. आक्का त्याला आणून माझ्या मांडीवर द्यायच्या, पोट भरलं की उचलून न्यायच्या, आणि त्याला ढेकर काढायचा मान त्यांचा. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून आक्का लागल्या, मग शाळेत, आधार कार्डावर, पासपोर्टवर सगळीकडे त्याच. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण आमच्याकडे अशा गोष्टी माहीत असतात आणि बोलायच्या नसतात. माझी मुलगी तेव्हा इतकी लहान होती की तिला काही आठवत नव्हतं. तिला आम्ही सांगितलंही नाही. चुलतभाऊ म्हणून ती त्याला राखी बांधत राहिली.

तो पहिल्यांदा मला "काकी" म्हणाला तेव्हा मी मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले. पुढे मात्र ते जमून गेलं. हे कुणाला खरं वाटत नाही, पण जमतं. शाळेत तो माझ्याच वर्गात आला तेव्हा पाढे येत नाहीत म्हणून मी त्याचा कान पिरगळला, तर दुसऱ्या दिवशी आक्का डोक्यावर पदर घेऊन थेट वर्गाच्या दारात. "माझ्या पोराच्या अंगाला हात लावायचा न्हाई. बाई आसशील तू शाळंची, घरी माझी धाकली जाऊ हायेस!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी फार बरं वाटलं. योग्य ठिकाणी गेलाय, असं वाटलं. दादा गेल्यावर तर आक्कांना तेवढा एकच उरला. सकाळी कंपनीची बस पकडायला तो मोटारसायकल काढायचा, तेव्हा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत त्या चुलीपुढे बसत नसत.

दिवाळीनंतर तो मित्रांबरोबर थायलंडला निघाला. आमच्याकडे थायलंड म्हटलं की बाप्ये गालात हसतात आणि बाया गप्प होतात. आक्कांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा आक्षेप वेगळाच.

"समुद्रच बगायचा तर येवढ्या लांब कशाला? अलिबागला न्हाई व्हय समुद्र?"

"आई, अलिबागचं पाणी गढूळ हाय. तिकडं तळ दिसतोय."

"तळ बगून काय करनार हायेस?"

तो हसत माझ्याकडे आला. मी तांदूळ निवडत होते. "काकी, तुला काय आणू?"

"मला काही नको. आईला आण काय आणायचं ते."

"आईला आणणारच गं. तुला इचारतोय."

मी म्हटलं, मला छत्री आण, इथली एका पावसात उलटी होते. छत्री कुठे परदेशातून आणतात का, म्हणत तो गेला. त्याला कुणी कधी काही सांगितलं होतं का, हे मला माहीत नाही. त्या "तुला इचारतोय"वर मी पुढे इतका विचार केला की आता त्यात काही शिल्लक राहिलं नाही.

फोन माझ्या मुलीला आला. ती बावधनला राहते. तो सकाळी एकटाच पोहायला गेला, मित्र झोपलेले होते. उठून बघतात तर किनाऱ्यावर टॉवेल आणि चपला, दुसरं काही नाही. दुपारपर्यंत त्यांना वाटलं, कुठेतरी खात बसला असेल. विहिरीत आणि ओढ्यात पोहायला शिकलेला आमचा पोरगा. पाण्याची भीती नव्हती, आणि लाट म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मुलगी आणि जावई तिकडे गेले, त्याचा फोटो हातात घेऊन हॉटेलं, दवाखाने, पोलीस चौक्या फिरले आणि तसेच परत आले. मुलीच्या पायाला फोड आले होते. आक्कांनी तिचे पाय मांडीवर घेऊन खोबरेल तेल लावलं. त्याच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

गावाने मात्र सगळं विचारलं. कुणी म्हणालं बाईच्या नादी लागला, कुणी म्हणालं सोनं आणण्याच्या भानगडीत सापडला. एक लांबचे चुलत सासरे ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "पोरं थायलंडला समुद्रासाटी जात न्हाईत." मी त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि बाकीचा चहा घरी जाऊन प्या म्हटलं. अजून ते आमच्याकडे येत नाहीत. बरं झालं.

मग कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली, की त्या बाजूच्या देशांत आपल्या पोरांना धरून ठेवतात आणि कॉम्प्युटरवर लोकांना फसवायच्या कामाला जुंपतात. ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा आला. आक्कांच्या चेहऱ्यावर मात्र रंग आला. त्यांनी ती गोष्ट घट्ट पकडली. "कामाला लावलंय त्याला. कॉम्प्युटरचं सगळं येतंय त्याला. कामाच्या मानसाला कुनी मारत न्हाई." रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्या एवढंच म्हणायच्या, पोट भरून जेवायला देत असू देत.

माघात पौडच्या ठाण्याचे हवालदार आले. पोलिसांचं माणूस दारात बसून पाणी मागून घेतं तेव्हा बातमी चांगली नसते. तिकडे बऱ्याच लांबच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात एक देह लागला होता. वय तेवढंच, उंची तेवढीच. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. हवालदार जमिनीकडे बघून बोलत होते, भला माणूस. "आईचं रक्त लागंल, आक्का. ते जुळवून बगत्यात. जुळलं तर आपला, न्हाई तर दुसऱ्या कुनाचा."

आम्ही पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो, आक्का, मी आणि मुलगी. नर्सने विचारलं, आई कोण? आक्कांनी लगेच बाही वर केली. "काडा. किती लागंल तेवडं काडा." सुई बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, झालं, झालं, एवढंच.

नोकरीत वर्षानुवर्षं मी सातवीला विज्ञान शिकवलं. आईकडून काय येतं, बापाकडून काय येतं, फळ्यावर आकृत्या काढल्या, प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांच्या पाठीत धपाटे घातले. आणि तिथे उभी राहून मला काहीही वाटलं नाही. खोटं चाललंय असं आमच्या दोघींच्याही मनात आलं नाही. आईचं रक्त मागितलं होतं, आईने दिलं.

होळीच्या आधी मुलीचा फोन आला. रेंजसाठी मी वरच्या बांधावर उभी होते. ती रडत होती, हसत होती, मला काही कळेना. "आई, जुळलं नाही! तो आपला नाही! मोठ्या आईला सांग, आपला नाही तो!"

मी बांधावरूनच ओरडले. माझ्या आवाजाचा आयुष्यात एकदा उपयोग झाला. आक्का चुलीपुढून उठल्या, पिठाचे हात तसेच, आणि अंगणात येऊन जमिनीला डोकं टेकलं. त्यांच्या कपाळाला पीठ आणि माती दोन्ही लागलं होतं, ते त्यांनी दिवसभर पुसलं नाही. माझे मिस्टर पौडला जाऊन पेढे घेऊन आले. घरोघर पेढे गेले. ज्या म्हाताऱ्यांना सगळं माहीत होतं, त्यांनीही पेढा तोंडात टाकला आणि देवाला हात जोडले. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आता रडारड होईल, एवढंच मला वाटलं, आणि त्या बिचाऱ्या आईसाठी मी मनातल्या मनात हळहळले.

त्यानंतर आक्का पुन्हा पाहुण्यांशी बोलायला लागल्या. "पोरगा परदेशात कामाला हाय," असं सांगायच्या. त्याच्या अंथरुणाची चादर दर रविवारी बदलायच्या.

पुढे एका शनिवारी कोथरूडची एक बाई आली, नवरा आणि लहान मूल घेऊन. जेवणाच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो आहे, भाताच्या पेंढ्यावर बसलेला, दात काढून हसणारा. ती फोटोपुढे उभी राहिली आणि सहज म्हणाली, "तुमचा मुलगा का हो? हनुवटी अगदी तुमची आहे."

"नाही," मी म्हटलं, "जाऊबाईंचा."

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की ते द्यायला मला लागत नाही, ते आपोआप बाहेर पडतं. मी पाण्याचा जग उचलला, दोन पावलं टाकली आणि थांबले. जग खाली ठेवायलाही सुचेना. ती बाई विचारत होती, काकू बरं वाटत नाही का, आणि मी तिच्याकडे बघत होते. ज्या बिचाऱ्या आईसाठी मी हळहळले होते, ती कोण हे मला तेव्हा कळलं.

मिस्टर खाचराच्या बांधाला दगड लावत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघून त्यांनी हातातला दगड खाली ठेवला.

"रक्त आक्कांचं दिलं आपण," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मला त्याच दिवशी कळलं. पेढं घ्यायला उबा हुतो दुकानात, तवा."

"मग बोलला का नाही तुम्ही?" मी जोरात ओरडले. "घेऊन आलात ते पेढे! वाटलेत घरोघर!"

"कुनाला सांगू? वैनीला? इतक्या दिसांनी जेवली हुती ती." मग खाली बसले आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. दादा गेले तेव्हाही नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मी जवळ बसले नाही. नंतर बसले.

मुलीला बोलावून घेतलं. तिला दोन गोष्टी एकदम सांगायच्या होत्या, तो तुझा सख्खा भाऊ होता, आणि तो बहुधा तिकडच्या शवागारात पडून आहे. कुठली आधी सांगायची हे ठरवूनसुद्धा मी दोन्ही एकदमच सांगितल्या. ती खाली बसून आपल्या पायांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी त्याला शोधत फिरले तिकडे. चुलतभाऊ म्हणून सांगत होते सगळ्यांना." तिला उत्तर मागायचा हक्क होता, पण तिने मागितलं नाही. तिने बांधावर जाऊन तिकडे फोन लावला. तो देह अजून तिथेच होता. कुणी ओळख पटवली नाही तर तिथेच बेवारस म्हणून पुरणार होते. फार दिवस ठेवणार नाहीत, असं सांगितलं.

म्हणजे आता गप्प राहायची सोयही उरली नव्हती. बोलले तर आक्कांचा पोरगा मेला, आणि तो त्यांचा नव्हता हे पोलिसांच्या कागदावर चढणार. नाही बोलले तर तो परक्या मातीत नाव नसलेला पडणार, आणि आक्का चादरी बदलत बसणार. खरं सांगते, गप्प राहावं असंही मला वाटलं. रोज सकाळी वाटायचं. आक्का भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायच्या, आणि मला वाटायचं, राहू दे की.

शेवटी एका दुपारी सांगितलं. पाहुणे नव्हते. आक्का ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मी समोर बसले.

"आक्का, त्या दवाखान्यात रक्त माझं द्यायला पायजे होतं."

सूप वर गेलेलं होतं, ते खाली आलं. तांदूळ सांडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"का म्हून?"

"ते रक्त जन्म दिलेल्या आईचं लागतं. तुमचं जुळणारच नव्हतं, तो असला तरी."

त्या सुपावर वाकल्या. बोटाने खडे बाजूला करत राहिल्या. मग एकदम सूप माझ्या अंगावर ढकललं. तांदूळ माझ्या मांडीवर, ओसरीवर, खाली अंगणात उडाले.

"सूपभर तांदूळ दिलं हुतं मी तुला! मापून न्हाई दिलं, भरून दिलं! तू पदर पसरून घेतलंस. आता ह्ये घे, आनि घे, कणगी न्हे समदी, पर माझा पोरगा माझ्याकडं ऱ्हाऊ दे!"

"आक्का, मी तो मागत नाही..."

"मग काय मागतीस? मेला म्हून सांगायला लागलीस न् वर माझा न्हाई म्हून सांगतीस. दोनदा न्हेतीस गं माझ्याकडनं!"

मला भांडता येतं असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी एक शब्द आला नाही. त्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. मी ओसरीवरचे तांदूळ गोळा करत बसले. अंगणातले कोंबड्यांनी खाल्ले.

त्यानंतर घरात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी करायच्या, माझ्या ताटात वाढायच्या, पण ताटाकडे बघून. मुलगी रोज फोन करून विचारायची, आणि मी म्हणायची थांब. माझं रक्त मी आक्कांना न विचारताही देऊ शकले असते, ती म्हणत होती ते बरोबर होतं. पण मी तांदूळ घेतले होते. शिकलेल्या माणसाने असं बोलू नये, पण घेतले होते आणि खाल्लेही होते. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मला त्याची आई होता येत नव्हतं.

मग एका सकाळी त्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. हातात पिशवी. "गाडी काडा," मिस्टरांना म्हणाल्या. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "त्येला गर्दी लागायची सारकी. एकटा झोपायचा न्हाई ल्हानपनी. तितं एकटा कसा पडला आसंल."

रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भूगावच्या नव्या इमारती आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की हितं त्याला फ्लॅट घ्यायचा होता.

दवाखान्यात तीच खोली. हवालदार आधीच येऊन थांबले होते. नर्स वेगळी होती, पण प्रश्न तोच. "आई कोण?"

मी खुर्चीवरून उठलेच नाही.

आक्का माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही," त्या म्हणाल्या.

हवालदारांनी कागद चाळले, आक्कांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आवो, मग तवा तुमी सांगितलं की..."

"तवाबी मी खरंच सांगितलं हुतं," आक्का म्हणाल्या.

हवालदारांनी पेन काढून लिहून घेतलं. सुई टोचली तेव्हा मला काही कळलं नाही. खांद्यावरचा हात तेवढा कळत होता.

या वेळी जुळलं. मुलगी फोन न करता स्वतः आली, आणि ती फाटकातून आत येतानाच आम्हाला कळलं. आक्का रडल्या नाहीत. त्या त्याच्या खोलीत गेल्या, चादर काढली, धुतली, वाळत घातली. मी मात्र रडले, मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. काकी म्हणून रडावं की आई म्हणून, हा विचार मनात आला नाही. आला असता तर आवाज निघाला नसता. गाव गोळा झालं. म्हाताऱ्या बाया आधी आक्कांपाशी बसल्या, मग एकेक करून उठून माझ्यापाशी आल्या. बोललं कुणीच नाही.

त्याला आणायला आम्ही विमानतळावर गेलो. माणसं येतात त्या दाराने नाही, मागच्या बाजूला, सामान येतं तिथे. खोकी, गठ्ठे, पट्ट्या मारलेली यंत्रं, आणि त्यांच्यात ती लांब पेटी. कडेला एक मुलगा चहा पीत वजनं लिहीत होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याची काही चूक नव्हती.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "घरचं कोण आहे? आई आली आहे का? आई कोण?"

"ह्या," मी म्हणाले आणि आक्कांकडे हात केला. मग एक पाऊल मागे झाले. लहानपणी आक्का त्याला उचलून न्यायच्या तेव्हा मी अशीच मागे व्हायची, मांडी अजून ओली असायची.

आक्का पुढे गेल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मागे न बघता त्यांनी हात मागे केला, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरलं. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात आहे तो, सुटत नाही.

"चल गं," त्या म्हणाल्या, "आपला हाय."

आणि आम्ही दोघी त्याला घ्यायला पुढे झालो.